इस्टिमेट

बँकेत असताना विहिरींच्या कर्जाची प्रकरणे माझ्या टेबलावर येत. एकदा एक शेतकरी वहीच्या कागदावर खर्च मांडून घेऊन आला. म्हणाला, "साहेब, मुरूम असला तर तीस हजारांत भागंल. खडक लागला तर पन्नास बी लागतील."

मी कागद परत केला. "असं चालत नाही. एकच आकडा असलेलं, सहीशिक्क्याचं इस्टिमेट आणा."

त्याने आणले. आकडा रुपयापर्यंत चोख होता. कर्ज मंजूर झाले, पुढे खडक लागला आणि पैसे संपले. अर्धवट विहिरीला पाणी नव्हते. हप्ते मात्र सुरू झाले.

या शब्दाच्या मुळाशी मी गेलो तो निवृत्तीनंतर. लॅटिनमध्ये मोल जोखणे या अर्थाचे एक क्रियापद आहे. त्यातून इंग्रजीत 'एस्टिमेट' आला, आदर या अर्थाचा 'एस्टीम' आला आणि फ्रेंचच्या वाटेने नेम या अर्थाचा 'एम'ही आला. आपला 'अंदाज' फारसीतून आलेला. त्याच्या मुळाशी आहे फेकणे. तिरंदाज म्हणजे तीर सोडणारा, गोलंदाज म्हणजे मूळचा तोफेचा गोळा फेकणारा. दोन्ही शब्द वेगळ्या वाटांनी नेमबाजीपाशीच येतात. आणि नेम कितीही नीट धरला, तरी चार बोटांचा फरक पडायचाच.

म्हणूनच इंग्रजी व्यवहारात 'कोटेशन' आणि 'एस्टिमेट' हे दोन वेगळे कागद. कोटेशन म्हणजे ठरलेला भाव. मान्य झाला की देणाऱ्याने पाळायचा. एस्टिमेट हा विचारपूर्वक केलेला अंदाज. काम उघडल्यावर तो हलू शकतो. आपण दोन्हींना इस्टिमेटच म्हणतो आणि मग घराच्या रंगकामावरून रंगाऱ्याशी भांडत बसतो. काम सुरू करण्याआधी एवढेच विचारावे: हा आकडा पक्का, की अंदाजे? अंदाजे असेल तर कशामुळे वाढेल, आणि किती?

सरकारच्या बजेटलाही आपण अंदाजपत्रकच म्हणतो. त्यात दरवर्षी चालू वर्षाचे 'सुधारित अंदाज' मांडले जातात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. त्या शेतकऱ्याने तर सुधारित अंदाज पहिल्याच दिवशी माझ्यापुढे ठेवला होता. खरे इस्टिमेट त्याच्या वहीच्या कागदावरचे होते. मी मान दिला तो शिक्क्याला.