दूषित रक्त आणि मनावरचे उपचार

ब्रिटनमध्ये १९७० ते १९९१ या काळात सरकारी आरोग्यसेवेतून मिळालेल्या दूषित रक्तामुळे व रक्तघटकांमुळे ३० हजारांहून अधिक जणांना एचआयव्ही, हिपॅटायटिस सी यांसारखे संसर्ग झाले. सुमारे ३ हजार दगावले. हिमोफिलियाग्रस्त मुलांना ‘फॅक्टर ८’ हा रक्त गोठवणारा घटक अनेकदा घरीच टोचला जाई, आईवडिलांच्या हातून, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे. आपणच मुलाच्या शरीरात विष घातले, ही बोच काडीचा दोष नसतानाही सुटत नाही. त्यातच एड्सच्या धास्तीने माणसे तुटली. कित्येक कुटुंबांनी आजार दडवला, मृत्यूचे कारणसुद्धा.

नुकसानभरपाई दिली की झाले, समुपदेशन तर सर्वांनाच मिळते, असे कोणी म्हणेल. भरपाई हवीच, ती हक्काची आहे. पण पैशाने अपराधभाव उतरत नाही. सर्वसाधारण समुपदेशन बहुधा मोजक्या बैठकांचे असते आणि इथली जखम चाळीस वर्षांची आहे. शिवाय ज्या यंत्रणेने विश्वास मोडला, तिच्याच दारात मदत मागायची आणि प्रत्येक नव्या समुपदेशकापुढे सगळे पहिल्यापासून उगाळायचे, हा छळच. म्हणून हा इतिहास जाणणारी खास सेवा लागते. वेल्समध्ये ती आधीपासून होती; इंग्लंडमध्ये मात्र सर ब्रायन लँगस्टाफ यांनी केलेल्या या प्रकरणाच्या चौकशीचा अंतिम अहवाल मे २०२४मध्ये आला, त्याच वर्षी ती सुरू झाली. रुग्णांइतकीच ती त्यांच्या जोडीदारांसाठी, आईवडिलांसाठी आणि मुलांसाठीही आहे, हे फार योग्य झाले.