इंटर्नशिप : सर्टिफिकेटसाठी की रोजगाराची पारख करण्यासाठी?

व्यापारी किंवा कारागीर कुटुंबातील मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचला की घरात एकच प्रश्न घोळू लागतो : आता पुढे काय? वडिलांना वाटते, दुकान तयार आहे, गल्ल्यावर बसावे. आईला वाटते, कुठे तरी पगाराची नोकरी लागली तर बरे. मामा आखातात असतील तर ते व्हिसाची गोष्ट काढतात. मुलाला स्वतःला मात्र यांपैकी कोणत्याच कामाची आतली माहिती नसते. ज्या कामात आयुष्याची तीस-चाळीस वर्षे घालवायची, ते काम एक दिवसही जवळून न पाहता ठरवले जाते. कापडाचा ताका घेताना आपण बोटांनी पोत चाचपून पाहतो, आंब्याची पेटी घेताना वरचा थर उचलून खालचे फळ बघतो. मग मुलांचा रोजगार ठरवतानाच ही पारख आपण का विसरतो?

ही पारख करण्याची एक संधी आता कॉलेजातूनच मिळू लागली आहे. तिचे नाव इंटर्नशिप. सरकारी मराठीत तिला आंतरवासिता म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांच्या इंटर्नशिपची तरतूद सुचवली. एक श्रेयांक म्हणजे ३० तास, असा हिशेब आहे. महाराष्ट्रातही २०२३ पासून हे धोरण टप्प्याटप्प्याने लागू होत गेले आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाला ४ श्रेयांक देण्यात आले. रोज सहा तास काम केले तर १२० तास म्हणजे कामाचे वीस दिवस. आपल्या कॉलेजात नेमके किती तास आणि कोणत्या सत्रात, हे कॉलेजातूनच विचारून घ्यावे.

पण या वीस दिवसांचे आपल्याकडे बहुतेक वेळा काय होते? चाचांच्या दुकानाचे लेटरहेड घ्यायचे, त्यावर शिक्का मारायचा, हजेरीचा कागद भरायचा आणि कॉलेजात जमा करायचा. श्रेयांक मिळतात, काम भागते. यात फसवणूक कॉलेजची होते असे मुलांना वाटते. खरे नुकसान मुलाचेच होते. फी भरली, वेळ गेला, आणि हातात आला तो एक कागद. त्या कागदाकडे पाहून कोणी नोकरी देत नाही, आणि धंद्यात तर कोणी तो विचारतही नाही.

उमेदवारी जुनी, हेतू नवा

हा प्रकार आपल्याला परका मुळीच नाही. पेढीवर, कारखान्यात, शिंप्याच्या दुकानात 'उमेदवारी' करण्याची पद्धत बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हा शब्दच मुळी फारसी 'उमेद' म्हणजे आशा यावरून आला. उस्तादाजवळ शागिर्दाने बसायचे, आधी अवजारे पुसायची, मग हात चालवायचा, ही तालीम आपल्या कारागिरांच्या रक्तात आहे.

मात्र एक फरक लक्षात घ्यायला हवा. जुन्या उमेदवारीत निवड आधीच झालेली असे. मुलगा दहा-बारा वर्षांचा असतानाच बाप त्याला उस्तादाच्या हवाली करी, आणि तेच काम जन्मभराचे होई. इंटर्नशिपचा हेतू उलट आहे. निवड करण्यापूर्वी काम पाहावे, हात लावून पाहावा आणि मग ठरवावे, असा तिचा क्रम आहे.

अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या अध्यापकांनी १९०६ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आळीपाळीने एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कारखान्यात पाठवण्याची पद्धत सुरू केली. निव्वळ वर्गात बसून इंजिनियर तयार होत नाही, हा त्यामागचा विचार. आपल्याकडचे सर्वांत परिचित उदाहरण डॉक्टरांचे. एम. बी. बी. एस. च्या अखेरीस वर्षभराची सक्तीची इंटर्नशिप असते, आणि त्यात मेडिसीन, सर्जरी, प्रसूती, बालरोग असे विभाग फिरावे लागतात. सर्जन व्हायचे म्हणून निघालेल्या मुलाला कधी ऑपरेशन थिएटरमध्ये आठ तास उभे राहिल्यावर कळते की हे आपल्याच्याने होणार नाही, आणि बालरोगाच्या वॉर्डात मात्र मन रमते. हे कळणे हाच त्या वर्षाचा मोठा लाभ. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. च्या मुलांना असे वर्ष मिळत नाही, वीस दिवस मिळतात. म्हणून तर ते जपून वापरायला हवेत.

आपल्या मुलांना याची गरज अधिक का?

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नमूद आहे की मुस्लिम कामकरी लोकांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात होते, आणि हे प्रमाण इतरांपेक्षा अधिक होते. याचा एक परिणाम आपण सहसा विचारात घेत नाही. पगारदार घरातील मुलगा जेवताना वडिलांकडून ऑफिसच्या गोष्टी ऐकतो. साहेब कसा असतो, बढती कशी मिळते, ऑडिट म्हणजे काय, हे त्याला न शिकवता कळते. आपल्या घरांत जेवताना मालाचा भाव, उधारी आणि कारागिरांच्या सुट्ट्या यांची चर्चा होते. त्यातून मुलगा धंद्याचे बरेच शिकतो, यात शंका नाही. पण बँक, प्रयोगशाळा, सी. ए. ची फर्म, निर्यातदाराची कचेरी आतून कशी चालते, हे सांगणारे घरात कोणी नसते. ती माहिती फक्त तिथे जाऊनच मिळणार.

कुठे जावे?

आमची पहिली सूचना अशी की मुलाने स्वतःच्या दुकानात इंटर्नशिप करू नये. तिथे तो मालकाचा मुलगा असतो, त्याला कोणी चूक दाखवत नाही. दुसरी सूचना अशी की अगदी अनोळखी मुलखात उडी मारण्यापेक्षा आपल्या धंद्याच्या एक पायरी वर किंवा एक पायरी खाली पाहावे.

समजा, भिवंडीतील यंत्रमागधारकाचा मुलगा बी. कॉम. करतो आहे. घरचे काम ग्रे कापड विणण्यापर्यंतच. कापड पुढे प्रोसेस हाऊसला जाते, मग गारमेंटवाल्याकडे. या मुलाने प्रोसेस हाऊसच्या हिशेब विभागात वीस दिवस काढले तर आपले कापड कोणत्या दोषामुळे नाकारले जाते आणि भाव नेमका कुठे पडतो, हे त्याला कळेल. भिवंडीच्या आसपास मोठमोठी गोदामे उभी आहेत. तिथे मालाची आवक-जावक संगणकावर कशी चालते ते पाहिले तर कदाचित त्याचा कल वाहतूक आणि साठवणीच्या धंद्याकडे वळेल. विज्ञान शाखेचा मुलगा असेल तर सूत आणि कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत चौकशी करावी.

फळांच्या व्यापाऱ्याच्या मुलाने शीतगृहात किंवा निर्यातीचे पॅकिंग होते तिथे जावे. गॅरेजवाल्याच्या मुलाने विमा कंपनीसाठी अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरबरोबर फिरावे. हिशेबाची आवड असेल तर सी. ए. च्या कचेरीत जीएसटीच्या हंगामात बसून पाहावे. सी. ए. ची आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेनुसार ती दोन वर्षांची झाली. दोन वर्षे देण्यापूर्वी वीस दिवस देऊन पाहणे यात शहाणपणच आहे.

काय पाहावे, काय टिपावे?

इंटर्नशिपला जाणाऱ्या मुलाने खिशात एक वही ठेवावी आणि रोज संध्याकाळी चार गोष्टी लिहाव्यात.

१. आज मी काय काम केले, आणि त्यातले कोणते करताना वेळ कसा गेला ते कळले नाही?

२. कोणत्या कामाचा कंटाळा आला? तो नवखेपणामुळे की काम मुळातच माझ्या स्वभावाचे नाही म्हणून?

३. या कामात दहा वर्षे काढलेला माणूस आज कुठे आहे? त्याचे उत्पन्न, घरी जाण्याची वेळ आणि समाधान मला चालेल का?

४. हे काम मिळवायला कोणते शिक्षण, परीक्षा किंवा भाषा लागते, आणि त्यात मी कुठे कमी पडतो?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पगार किती हे कोणीही सांगतो. दहा वर्षांनंतरचा माणूस पाहायचा असेल तर त्याच्या शेजारी बसावे लागते, दुपारचा चहा बरोबर घ्यावा लागतो.

वीस दिवसांनंतर 'हे काम मला नको' असे उत्तर आले तर ती इंटर्नशिप वाया गेली असे समजू नये. चुकीच्या कोर्सची दोन वर्षे आणि लाखभर फी वाचली, हा नफाच आहे. त्याचप्रमाणे बाहेरचे पाहून मुलगा म्हणाला की मला दुकानच चालवायचे आहे, तर तेही आनंदाचे. नाइलाजाने गल्ल्यावर बसलेला मुलगा आणि पारखून, समजून बसलेला मुलगा यांच्या धंद्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मुलींचा प्रश्न

आज आपल्या मुली कॉलेजात मोठ्या संख्येने जात आहेत. पण इंटर्नशिप म्हटली की पालक बिचकतात, आणि शिक्का मारून आणण्याचा मार्ग सर्वांत जास्त त्यांच्याच वाट्याला येतो. पालकांची काळजी आम्ही समजू शकतो. त्यावर उपाय चौकशी हा आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार यांचाही समावेश आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. मुलीबरोबर एकदा जाऊन जागा पाहावी, तिथे किती महिला काम करतात, वेळ काय, समिती आहे का, हे स्पष्ट विचारावे. समाधान झाले तर मोकळ्या मनाने पाठवावे. पॅथॉलॉजी लॅब, शाळा, बँक, आर्किटेक्टची कचेरी अशा जागा बहुतेक शहरांत घराजवळ मिळू शकतात.

पैशाचे काय?

कॉलेजची इंटर्नशिप बहुधा बिनपगारी असते. शिक्षण संपल्यावरच्या योजना वेगळ्या आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले होते. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही २०२४ मध्येच जाहीर झाली. तीत मोठ्या कंपन्यांमध्ये बारा महिने आणि दरमहा ५,००० रुपये अशी तरतूद होती. अशा योजनांच्या अटी बदलत असतात, तेव्हा अर्जापूर्वी ताज्या अटी पाहून घ्याव्यात. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : 'इंटर्नशिप देतो, आधी पैसे भरा' असे म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. तो कामाची संधी देत नाही, कागद विकतो.

व्यापारी आणि कारागिरांनो, आपलेही दार उघडा

आतापर्यंत पालक म्हणून आपल्याशी बोललो, आता मालक म्हणून. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात इंटर्नशिपच्या जागा सांगताना स्थानिक उद्योग आणि व्यवसायांबरोबर कलाकार आणि कारागीर यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे मिरजेत सतार घडवणारा कारागीर, मालेगावचा यंत्रमागधारक किंवा गल्लीतला बेकरीवाला हेही विद्यार्थ्याला शिकवणारे ठिकाण ठरू शकतात. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा मालाची माहिती लिहिणे, फोटो काढणे, गिऱ्हाइकांची नोंद ठेवणे ही कामे कॉलेजचा विद्यार्थी वीस दिवसांत करून देऊ शकतो. त्याला हुन्नर जवळून पाहायला मिळते, आपल्याला धंद्याची घडी बसवून मिळते.

मात्र विद्यार्थी म्हणजे फुकटचा पोऱ्या नव्हे. त्याला नुसता चहा आणायला, माल उचलायला लावला तर तो काही शिकणार नाही आणि पुढच्या वर्षी कॉलेज आपल्याकडे कोणाला पाठवणार नाही. पहिल्याच दिवशी त्याला एक ठरावीक काम द्यावे आणि शेवटच्या दिवशी त्याचा हिशेब घ्यावा.

ज्यांना दीर्घ मुदतीसाठी मुले हवी आहेत त्यांच्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे झाले, तर ४ ते २९ कामगार असलेल्यांना ते ऐच्छिक ठेवले गेले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, कमाल दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. आपल्यापैकी कितीतरी कारखानदार या अटीत बसतात. जवळच्या आयटीआयमध्ये याची चौकशी करता येते.

शेवटी पालकांना एवढेच सांगणे : पाचवे सत्र सुरू होण्याची वाट न पाहता मुलाने आताच कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात जाऊन तारखा विचाराव्यात, तीन जागांची यादी करावी आणि स्वतः जाऊन भेटावे. ओळख असेल तर आपण शब्द टाकावा, पण शिक्का मागण्यासाठी नव्हे, काम मागण्यासाठी. आणि वीस दिवस झाल्यावर त्याची वही समोर ठेवून एक संध्याकाळ त्याच्याशी बोलावे. त्या दिवशी आपण कमी बोलावे आणि त्याचे ऐकून घ्यावे. पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याऐवजी पाहून आणि पारखून देण्याची ती सुरुवात ठरेल.