तबकडी जपावी कशासाठी?

संग्रहाचा छंद म्हटला की जुनी नाणी, पोस्टाची तिकिटे आणि पोथ्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. कारखान्यातून विक्रीसाठीच निघालेल्या तबकड्या जपणाऱ्याकडे मात्र आपण किंचित थट्टेने पाहतो. इंग्लंडातील काही तरुणांनी १९७७ नंतरच्या चार-सहा वर्षांत काढलेल्या तबकड्या पाहिल्या म्हणजे ही थट्टा अनाठायी वाटू लागते. त्या का जपावयाच्या आणि जपणे म्हणजे नेमके काय करावयाचे, या दोन प्रश्नांचा येथे विचार करू.

१९७६ च्या सुमारास लंडन व मँचेस्टर येथे 'पंक' हे रांगडे संगीत गाजू लागले. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या वृंदाने आप्तमित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या हजार प्रती हां हां म्हणता खपल्या. बड्या कंपनीची पायरी न चढताही हे साधते, असे तिने दाखवून दिले.

पंकचा पहिला भर ओसरल्यावर जे प्रयोग झाले, त्यांना 'पोस्ट-पंक' म्हणजे पंकोत्तर संगीत म्हणतात. त्यांतील काहींनी गिटार बाजूस ठेवून सिंथेसायझर हाती घेतला. तारेला वा कातड्याला स्पर्श न करता विजेच्या कंपनांतून स्वर घडविणारे हे यंत्र. डॅनियल मिलर याने कॉर्ग कंपनीचा असा एक जुना सिंथेसायझर घेऊन घरच्या घरी दोन गाणी मुद्रित केली व १९७८ मध्ये 'म्यूट' या नावाने ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी पोलादाच्या शेफील्ड शहरातील ह्यूमन लीग या वृंदाचे 'बीइंग बॉइल्ड' एडिंबरोच्या 'फास्ट प्रॉडक्ट' या छोट्या संस्थेने काढले.

आता संग्राहकाची दृष्टी पाहू. 'बीइंग बॉइल्ड' १९८० मध्ये पुन्हा नव्याने मुद्रित झाले. पुढे १९८२ मध्ये ईएमआय या मोठ्या कंपनीने मूळ मुद्रण पुन्हा बाजारात आणले व ते ब्रिटनच्या विक्रीयादीत सहाव्या क्रमांकावर पोचले. गाण्याचे नाव एकच, पण प्रत कोणती, हे कशावरून ओळखावे? तबकडी घडते ती अशी : प्रथम लाखेच्या पत्र्यावर खाचा कोरतात, त्यावरून धातूचा ठसा घेतात, आणि त्या ठशाने तापलेले विनाइल दाबतात. लाखेवर कोरलेले क्रमांक शेवटच्या खाचेपलीकडील गुळगुळीत पट्टीवर उमटतात. जॉर्ज पेकम हा कारागीर तेथे 'पोर्की' या टोपणनावाने आपली खूण करी. तबकडी उजेडात तिरपी धरावी, म्हणजे ही अक्षरे दिसतात.

वेष्टनही तितकेच बोलके असते. 'स्पायरल स्क्रॅच'च्या पाठीवर कोणते गाणे कितव्या प्रयत्नात साधले हे छापले आहे. स्क्रिटी पोलिटी या वृंदाने १९७८ मध्ये आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर खर्चाचा हिशेबच दिला. वाचणाऱ्याने तो पाहावा व उद्या स्वतः तबकडी काढावी, हा त्यामागील हेतू. काही वेष्टने खोडकरही होती. ड्युरुटी कॉलमच्या १९८० मधील पहिल्या तबकडीचे वेष्टन चक्क पॉलिशकागदाचे होते; शेजारच्या वेष्टनांवर ते ओरखडे पाडी! पब्लिक इमेज लिमिटेडने १९७९ मध्ये तीन तबकड्या पत्र्याच्या डब्यात इतक्या घट्ट बसविल्या, की त्या बाहेर काढणे हीच एक कसरत झाली.

येथेच या छंदाची खरी कसोटी लागते. 'हे तुम्हांलाही जमेल' असे सांगण्यासाठी स्वस्तात काढलेल्या वस्तू आज दुर्मिळ म्हणून महाग झाल्या आहेत. न ऐकता त्या कपाटात बंद ठेवणारा माणूस किंमत राखतो, परंतु निरोप दाबून टाकतो. म्हणून तबकडी उभी ठेवावी, उन्हापासून दूर ठेवावी, स्वच्छ सुईने वाजवावी, वेष्टन व आतील कागद सांभाळावा आणि पट्टीवरील खुणा वहीत टिपून घ्याव्यात. मुख्य म्हणजे कुणी जिज्ञासू तरुण घरी आला, तर त्याला ती ऐकवावी व तो हिशेब त्याच्या हाती द्यावा. ज्यांनी ती काढली, त्यांची अपेक्षा यापेक्षा वेगळी नव्हती.