जयंतीचे सरबत: बर्फ पातेल्याबाहेर ठेवा



14 एप्रिलची जयंती असो की बुद्ध पौर्णिमा, वस्तीत सरबताचे पातेले मांडले जातेच. पाचवे शील पाळणाऱ्या घरी पाहुण्याच्या हाती असाच पेला शोभतो. पण दारू नाही म्हणून सरबत निर्धोक झाले, असे नाही. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो हे आजार दूषित पाण्यातून आणि बर्फातूनही पसरतात. एका पातेल्यातून ते घरोघरी पोचू शकतात.

आधी बर्फाचे पाहू. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, बर्फ वितळला की ते पुन्हा वाढतात. धाकटी डहाणूसारख्या बंदराच्या गावी मासळीसाठी आणलेला बर्फ सहज हाताशी असतो, पण तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात 2018 मध्ये आला. तरी पांढरा दिसला म्हणून बर्फ चांगला, असे समजू नका. सोपा उपाय असा: मोठ्या टबात बर्फ भरा आणि त्यात सरबताचे झाकलेले पातेले ठेवा. सरबत गार होते आणि बर्फाचे पाणी आत जात नाही.

पाणी आदल्या रात्री खळखळून उकळा आणि झाकून गार होऊ द्या.

साधारण 40 पेल्यांसाठी
- कलिंगड 5 किलो
- पिकलेले चिकू 10
- लिंबे 12
- साखर पाव किलो
- उकळून गार केलेले पाणी 3 लिटर
- मीठ 2 चमचे, थोडे आले, पुदिना

हात साबणाने धुवा. कलिंगड कापण्याआधी वरून धुवा, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. गर कुस्करून गाळा. त्यात लिंबूरस, साखर, मीठ, आल्याचा रस आणि पाणी घाला. आपल्या डहाणूचे चिकू सोलून बारीक तुकडे करा व शेवटी टाका. चिकूची एकूण एक बी काढा. तिच्या टोकाला आकडा असतो, तो लहान मुलांच्या घशात अडकू शकतो. कच्चा चिकू नको, त्याच्या चिकाने तोंड सोलवटते.

पातेले स्टीलचे घ्या. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट सरबत कळकते आणि उलट्या होतात. वाढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवा, पेला आत बुडवू देऊ नका. पातेल्याजवळ एक जबाबदार ताई बसवा. म्हणजे कुणी गुपचूप त्यात काही मिसळणार नाही.

या प्रमाणाने एका पेल्यात वरून घातलेली साखर सव्वा चमचा येते. कोल्ड्रिंकच्या 250 मिलिलिटरच्या बाटलीत ती सुमारे 5 चमचे असते. तरी कलिंगडाचीही गोडी असतेच, म्हणून मधुमेह असलेल्यांसाठी लिंबू-पुदिन्याचे बिनसाखरेचे पाणी वेगळे ठेवा. रक्तदाब असलेल्यांसाठी त्यात मीठही नको.

सरबत दोन तासांत संपवा. सकाळची नीरा उन्ह चढल्यावर ताडी होते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. कुठलाही गोड रस उन्हात ठेवला की तसाच आंबू लागतो. फेस आला, वास बदलला, तर हळहळ न करता ओतून द्या.

कुणाला जुलाब लागले तर सरबत नको, ओआरएस द्या आणि आरोग्य केंद्रात न्या.