पडदा नसलेलं नाटक

नाटक म्हटलं की आपल्याला जत्रेतला तमाशा आठवतो, नाहीतर गणपतीत गावच्या हौशी मंडळींनी पडदा बांधून केलेलं नाटक. आज सांगणार आहे ते जरा वेगळं. त्याला प्रायोगिक नाटक म्हणतात. तिकिटं किती खपतील याची फार फिकीर न करता, लोक ज्यावर बोलायला कचरतात तेच हे नाटकवाले बोलतात.

मी पहिल्यांदा असं नाटक पाहिलं ते दादरला, छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये. १९७४ पासून तिथे ‘आविष्कार’ ही संस्था आणि इतर मंडळी कमी खर्चात प्रयोग करायची. मामेबहीण घेऊन गेली होती. आत शिरले तर वाटलं, चुकून तालमीलाच आलो. पडदा नाही, रंगवलेला वाडा नाही, नुसत्या दोन खुर्च्या. त्याच घडीत घर, घडीत कचेरी. नट इतके जवळ की त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. संपल्यावर टाळ्या कधी वाजवायच्या तेही कळेना. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “मला बाई काही कळलं नाही, मी अडाणी.” ती म्हणाली, “मलाही सगळं कळत नाही गं. राहिलेलं घरी भांडी घासताना कळतं.”

ते खरंच आहे. ही नाटकं सगळं भरवून देत नाहीत, अर्धं आपल्यावर सोडतात. म्हणून कळलं नाही तर लाजू नका.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या. १९६७ साली ‘रंगायन’ संस्थेने ते रंगमंचावर आणलं. नाटक करायला गावात आलेली मंडळी वेळ घालवायला खोटं कोर्ट मांडतात. आरोपी करतात बेणारे नावाच्या शिक्षिकेला. आधी सगळं हसण्यावारी. मग कळतं, ती लग्नाशिवाय गरोदर आहे, आणि खेळातले वकील, साक्षीदार खरोखरच तिच्यावर तुटून पडतात. ज्याच्यापासून दिवस गेले तो पुरुष तिथे नसतोच. त्याची खुर्ची रिकामी, शिक्षा मात्र हिला. सुलभा देशपांडे यांनी बेणारेचं काम केलं होतं. आपल्या पारावर असं कोर्ट किती वेळा बसलंय, मनात मोजून बघा.

आणि हे फक्त शहरात नाही बरं का. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचं ‘मुलगी झाली हो’ आणलं आणि गावोगाव नेलं. गाणी आपल्याच चालीरीतीतली, आणि पुरुषांची कामंसुद्धा बायकाच करायच्या. आमच्याकडे देवळासमोर प्रयोग झाला. सुरुवातीला बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. हळूहळू हसू थांबलं. माझ्या सासूबाई मध्येच उठल्या. “घरातलं असं चव्हाट्यावर मांडायचं?” म्हणून दोन दिवस धुसफुसत होत्या. मी गप्प. मला दोन मुलीच, त्यामुळे बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता त्यांनीच विचारलं, “ती पुरुषाचं काम करणारी बाई, तिला सासरच्यांनी कसं गं पाठवलं?” त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा एकमेकींशी नीट बोललो.

सगळीच अशी नाटकं चांगली असतात असं नाही. काही उगाच कोड्यात बोलतात, काहींत नुसती आरडाओरड. मग मी सरळ उठून येते.

तुमच्या गावात असं पथक आलं तर पुढे सतरंजीवर बसा, मागे भिंतीला टेकू नका. नाटक संपल्यावर ते बरेचदा चर्चेला थांबतात. तेव्हा पुरुष बोलत राहतात आणि आपण चुलीच्या काळजीने उठतो. आमच्या गटाने आता ठरवलंय, नाटकाच्या दिवशी भाकऱ्या दुपारीच करून ठेवायच्या.