नळीतला षड्ज : मैहर बँडची शंभर वर्षं

बंदुकीच्या नळीतून षड्ज काढायचा तर आधी तिला टेकवायचं कुठे ते शोधावं लागतं. मधोमध टेकवली तर ती नुसती ठक्क करून गप्प बसते. टोकांशी धरली तरी तेच. दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर तिच्या दोन निवांत जागा असतात. आघात झाला तरी तेवढ्याच जागा हलत नाहीत. तिथे आधार दिला की बाकीची नळी मोकळेपणी थरथरते आणि आवाज लांबतो.

पुढचा हिशेब लांबीचा, आणि तो सतारीच्या हिशेबापेक्षा वेगळा. तार निम्म्यावर दाबली की वरचा षड्ज मिळतो. नळी निम्मी कापली तर आवाज एकदम दोन सप्तकं वर उडतो, कारण तिची कंपनं लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतात. समजा, ६० सेंटीमीटरच्या नळीचा स्वर षड्ज धरला, तर त्याच जातीच्या नळीचा पंचम ४९ सेंटीमीटरला येतो आणि तार षड्ज ४२ सेंटीमीटरच्या किंचित पुढे. मिलिमीटरभर जास्त कापलं की स्वर चढला, आणि कापलेली नळी पुन्हा जोडता येत नाही. कान तयार नसलेल्या माणसाचं हे काम नव्हे.

मैहरच्या संस्थानात हे काम करणारा माणूस होता. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. दरबारातल्या जुन्या, निकामी बंदुकांच्या नळ्या त्यांनी मागून घेतल्या, कापल्या, घासल्या, स्वरात लावल्या आणि ओळीने मांडल्या. जलतरंगाच्या धर्तीवर वाद्याचं नाव पडलं नलतरंग. हे वाद्य त्यांनी स्वतःसाठी केलं नव्हतं. गावातल्या पोरांच्या बँडसाठी केलं होतं.

नऊ तोफांचं गाव

मैहर आज मध्य प्रदेशात आहे; सतन्याहून चाळीसेक किलोमीटर. मुंबईहून इटारसी-जबलपूर-कटनी मार्गे प्रयागराजकडे निघालं की वाटेत लागतं. स्टेशनवर उतरणारे बहुतेक जण शारदामातेचे भक्त असतात. त्रिकूट टेकडीवर तिचं देऊळ आहे आणि हजारावर पायऱ्या आहेत. गावाची दुसरी ओळख आसपासच्या चुनखडीची आणि तिच्यावर चालणाऱ्या सिमेंटच्या कारखान्यांची. २०२३ मध्ये मैहर जिल्ह्याचं ठिकाण झालं.

इंग्रजी अमलात हे बघेलखंडातलं एक लहान संस्थान होतं. राजाला नऊ तोफांची सलामी, म्हणजे मान सांगली किंवा सावंतवाडीइतका. असल्या संस्थानांकडे मोठं सैन्य नसे, मोठा महसूल नसे. पण राजाला एखाद्या गोष्टीचा नाद असला तर तिथे असं काही उभं राही की मोठ्या राजधान्यांनी पाहत राहावं. सांगलीच्या पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना पाठबळ दिलं आणि १८४३ साली मराठी नाटक रंगमंचावर आलं, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. मैहरचे राजे ब्रिजनाथ सिंह याच जातीचे. १९१८च्या सुमारास त्यांनी अल्लाउद्दीन खाँना दरबारी ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांचा गंडा बांधला.

बँडवाल्यांचा विद्यार्थी

नलतरंग ज्या हातांनी घडला त्या हातांची तालीम आधी पाहायला हवी. अल्लाउद्दीन खाँ पूर्व बंगालचे. शिवपूर हे त्यांचं गाव आज बांगलादेशच्या ब्राह्मणबाडिया जिल्ह्यात येतं. गाण्याच्या वेडापायी ते पोरवयात घरातून पळाले आणि कोलकात्याला पोचले. तिथे नुलो गोपाल यांच्याकडे गळा तयार केला. अमृतलाल ऊर्फ हाबू दत्त हे नाटकमंडळीच्या वाद्यवृंदाचे चालक. त्यांच्याकडे वाद्यं शिकले. हजारी उस्तादांकडे सनई घेतली. आणि पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकले ते लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे.

हे लोबोमास्तर म्हणजे मैहरच्या गोष्टीतला गोव्याचा धागा. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. तिथून तयार झालेली माणसं मुंबई-कोलकात्याच्या बँडमध्ये, पलटणींत, संस्थानांच्या नोकरीत पसरली. पुढे हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद याच मंडळींनी उभे केले, ते आपण जाणतो. त्याच्या कितीतरी आधी त्यांच्यातल्या एकाने एका बंगाली पोराच्या हातात गज दिला होता.

यानंतर अहमद अली खाँकडे सरोद आणि रामपूरला बीनकार वझीर खाँ. वझीर खाँ तानसेनाच्या वंशपरंपरेतले, नवाबाचे गुरू. त्यांच्या ड्योढीवर परक्या पोराला थारा नव्हता. शेवटी हे नवाबाच्या गाडीपुढे आडवे झाले आणि तेव्हा कुठे दार उघडलं, असं सांगतात. मात्र दार उघडेपर्यंत पोट कशावर भरलं? रामपूरच्या बँडमध्ये वाजवून. घराणेदार विद्येची वाट पाहणारा हा माणूस तोवर बँडच्या बाकावर बसलेला होता. पंचवीस वाद्यांनी एकदम सुरू व्हायचं आणि एकदम थांबायचं, ही शिस्त त्याच्या अंगात रागदारीच्या बरोबरीने मुरली.

साथीनंतर

१९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने हिंदुस्थानात कोटीवर माणसं नेली. मध्य भारतातल्या खेड्यांना तिचा फटका जबर बसला. मैहरच्या आसपास मुलं उघडी पडली. बँडची जन्मकथा इथून सुरू होते. या अनाथ मुलांना दरबाराने पोसायचं आणि अल्लाउद्दीन खाँनी शिकवायचं, असं ठरलं. मुलांच्या घरात गाणं नव्हतं. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्या काळी वाद्य शिकायला मीरासींचं, कलावंतांचं, उस्तादांचं घर लागे. इथे लागली फक्त भूक. खाँसाहेबांनी वाद्यं वाटून दिली: कुणाला सतार, कुणाला सरोद, कुणाला इसराज, व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, हार्मोनियम, तबला, ढोलक. कमी पडलेली वाद्यं घडवली. सतारीची आणि बँजोची सांगड घालून सतार-बँजो केलं, सारंगीच्या कुळात बसणारं चंद्रसारंग केलं, आणि नलतरंग.

शिकवण्याची पद्धत तोंडी. आधी गत गळ्यातून म्हणायची, मग हातात घ्यायची. खाँसाहेब रागीट म्हणून ख्यात होते. हात सैल सुटे आणि मग स्वतःच हळहळत. पुढे जगभर गाजलेल्या त्यांच्या शिष्यांनीही हे लिहून ठेवलं आहे. त्या मुलांचं लिहून ठेवायला कुणी नव्हतं. त्यांची आठवण राहिली ती त्यांनी वाजवलेल्या गतींत.

बँड म्हणजे काय, आणि काय नव्हे

‘बँड’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात येते: झिरमिळ्यांचा लाल कोट, डोक्यावर दिव्यांचं झुंबर, पुढे कॉर्नेटवाला. पुष्कळ संस्थानांत बँड म्हणजे पलटणीचा, साहेब आला की सलामी देणारा. मैहरचा बँड यातल्या कशासारखा नाही. मंडळी सतरंजीवर मांडी घालून बसतात. काठी हलवणारा कंडक्टर नाही. समोर कागद नाही. वाजतात ते राग.

एकट्याने राग वाजवणं म्हणजे आलापाने त्याला हळूहळू उलगडणं. पंधरा-वीस जणांनी मिळून आलाप करता येत नाही. प्रत्येकाला वेगळी वाट सुचेल आणि गोंधळ होईल. म्हणून बँडच्या बंदिशी आटोपशीर आणि पक्क्या बांधलेल्या. गत, तिचे तोडे, तिहाया, सगळं ठरलेलं. पण नुसतं एकासुरात वाजवलं तर तेही कंटाळवाणं. खाँसाहेबांनी खेळ केला तो वाद्यांच्या स्वभावावर. सतार-सरोदचा स्वर छेडला की लगेच विरायला लागतो. व्हायोलिन-इसराजचा गज ओढाल तितका टिकतो. एकच ओळ दोघांनी वाजवली की एकाकडून तिला टोक येतं, दुसऱ्याकडून अंग. मग ओळ वाटून द्यायची: अर्धी छेडणाऱ्यांनी, अर्धी गजवाल्यांनी, आणि समेवर सगळ्यांनी. पाश्चात्त्य पद्धतीची स्वरसंवादांची मांडणी इथे पाया नाही. पाया राग आणि लय.

या मांडणीत नलतरंगाचं स्थान मोठं गमतीचं. सतार खुंटी पिळून वर-खाली लावता येते. जलतरंगात पाणी कमी-जास्त करता येतं. नळीला मात्र तिचा स्वर मिळाला तो मिळाला. म्हणजे तारवाद्यांनी जुळवून घ्यायचं ते नळ्यांशी. दरबारच्या भंगारातून आलेलं लोखंड बँडचा षड्ज ठरवू लागलं.

लखनौ

गावातला बँड गावाबाहेर गाजला तो लखनौला. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. विसाच्या दशकाच्या मध्यावर परिषदेची अधिवेशनं लखनौला झाली, त्यांतूनच १९२६ साली तिथलं संगीत महाविद्यालय निघालं. लखनौच्या मंडपात मैहरची मुलं वाजवून गेली आणि जाणकारांच्या तोंडी बँडचं नाव झालं.

भातखंड्यांची सारी धडपड संगीत कागदावर आणण्याची होती: दहा थाट, स्वरलिपी, घराण्यांच्या कुलुपातून सोडवलेल्या चिजांची क्रमिक पुस्तकं. संगीत कुणालाही शिकता यावं, हा त्यांचा हट्ट. मैहरच्या मुलांनी तोच हट्ट कागदाला हात न लावता खरा केला होता. एका टोकाला मुंबईचा वकील, पोथ्या आणि वह्या घेऊन. दुसऱ्या टोकाला फटके आणि भात देणारा उस्ताद. संगीत घराण्यांच्या मुठीतून बाहेर काढण्याच्या बाबतीत दोघांचं काम एकच होतं, असं मला वाटतं.

घराणं जगात, बँड गावात

बँडचा प्रभाव पुढे दूरवर गेला. तिमिर बरन मैहरला शिकले, कोलकात्याला परतून त्यांनी तशाच धाटणीचा वाद्यवृंद केला, १९३०च्या सुमारास उदय शंकरांच्या नृत्यमंडळीचे संगीतकार झाले. त्याच मंडळीबरोबर १९३५-३६ मध्ये खुद्द खाँसाहेब युरोप फिरले आणि त्या दौऱ्यात कोवळ्या रवि शंकरांना त्यांचा सहवास मिळाला. १९३८ साली रवि शंकर सारं सोडून मैहरला येऊन राहिले. आकाशवाणीचा ‘वाद्यवृंद’ दिल्लीत उभा राहिला तेव्हा त्याची सूत्रं त्यांच्याकडे होती, त्यांच्यानंतर पन्नालाल घोष यांच्याकडे. पन्नालालबाबू मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नाव कमावून १९४७ साली खाँसाहेबांचे शागीर्द झालेले. देशाच्या रेडिओवरचा सामूहिक रागसंगीताचा प्रयोग लागोपाठ मैहरच्याच दोन शिष्यांच्या हाती जावा, हा योगायोग नव्हे.

मुंबईत १९५८ साली गोमंतकीय अँथनी गोन्साल्विस यांनी मोठा वाद्यवृंद जमवून रागांवरच्या रचना सादर केल्या. तो सगळा प्रपंच लिहिलेल्या कागदांवर आणि स्वरसंवादांवर उभा होता. गोव्याच्या चर्चमधून निघालेल्या विद्येची ही दुसरी शाखा. पहिली शाखा लोबोमास्तरांकडून मैहरला पोचली होती, आणि तिने वाटेत कागद टाकून दिला होता.

पण ‘मैहर’ हे नाव आज उच्चारलं की डोळ्यांपुढे कोण येतं? रवि शंकर, अली अकबर खाँ, निखिल बॅनर्जी. मैहरला जन्मलेल्या अन्नपूर्णादेवी. त्यांचं नाव ब्रिजनाथ सिंहांनी ठेवलं, आयुष्याचा मोठा काळ त्यांनी मुंबईत दाराआड शिकवण्यात घालवला आणि २०१८ साली तिथेच गेल्या. हे सगळे एकट्याने वाजवणारे. घराणं म्हणतो ते यांचं. गावाचं नाव यांनी लंडन-न्यूयॉर्कला नेलं, आणि गावात राहायला यांच्यातलं कुणी उरलं नाही. उरला तो बँड. घराणेदार नसलेल्या मुलांचा.

पदं आणि नळ्या

१९४८ साली संस्थान विंध्य प्रदेशात विलीन झालं, १९५६ साली विंध्य प्रदेश मध्य प्रदेशात. बँडचा पोशिंदा राजा होता, तो आता सरकार झाला. दरबारी वादकांचे सरकारी कर्मचारी झाले. बँड मैहरच्या संगीत महाविद्यालयाशी जोडला गेला. खाँसाहेब ६ सप्टेंबर १९७२ रोजी गेले. मैहरातच, आपल्या ‘मदिना भवन’ या घराच्या आवारात त्यांना मूठमाती दिली. शारदेच्या देवळात डोकं टेकणाऱ्या या पाच वेळच्या नमाजी माणसाच्या नावाने गावात दरवर्षी समारोह होतो, मोठमोठे कलावंत येतात आणि बँडही वाजतो.

सरकारी आश्रयाचं एक बरं असतं: पगार चुकत नाही. एक वाईट असतं: माणूस निवृत्त झाला की त्याची जागा रिकामी राहते. कचेरीत जागा रिकामी राहिली तर फाइल थांबते. इथे वाद्य थांबतं, आणि वाद्याबरोबर त्याच्या वाट्याची ओळ. समजा, इसराजवाला गेला आणि पाच वर्षं त्याच्या जागी कुणी आलं नाही. मग बंदिशीत त्याच्या वाट्याला काय होतं हे शेजारी बसणाऱ्यालाच आठवणार. तोही निवृत्तीला आलेला. तोंडी विद्येची ही किंमत आहे. भातखंडे याच भीतीने वह्या भरत होते.

तरी बँड आहे. शंभर वर्षं उलटली, राजे गेले, उस्ताद गेले, साथीतून वाचलेली ती मुलंही गेली. त्यांच्या जागी दुसऱ्यांची मुलं, नातवंडं आली. सतारी बदलल्या असतील, तबल्याची शाई पुन्हा पुन्हा भरली असेल. नव्या वादकाने मात्र आजही येऊन आधी आपली तार लावायची ती नळीच्या स्वराला. तो स्वर खाँसाहेबांनी एकदा कापून ठेवलेला आहे, आणि कापलेली नळी वाढवता येत नाही.