स्पॅनिश ‘बारांदा’ आणि मराठी ‘व्हरांडा’

स्पॅनिश भाषेतील ‘बारांदा’ हा वास्तुविषयक शब्द कानी पडताच मराठी वाचकास ‘व्हरांडा’ आठवतो, आणि अनुवादकाची फसगत नेमकी येथेच होते. ‘बारांदा’ म्हणजे ओसरी वा पडवी नव्हे. जिन्याच्या, सज्जाच्या किंवा पुलाच्या कडेचा कठडा होय. स्पॅनिश कथेतील कोणी ‘बारांदा’वर रेलून खाली पाहत असेल, तर त्यास व्हरांड्यात नेऊन बसविणे चुकीचे ठरेल. बिलियर्डच्या टेबलाच्या उंच काठासही हाच शब्द आहे. आच्छादित ओसरीस स्पॅनिशमध्ये ‘गालेरिया’ किंवा ‘कोर्रेदोर’ म्हणतात.

शेजारच्या पोर्तुगीजमध्ये मात्र ‘वरांदा’ हा शब्द कठड्यावरून कठडा असलेल्या सज्जावर आला. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही लक्षणाच.

शब्द मूळचा भारतीय, असे अनेकांनी मानले. त्यासाठी संस्कृत ‘वरण्ड’ पुढे केला जातो. काहींनी फारसी ‘बरामदा’ही सुचविला, पण त्याची घडण ‘बाहेर येणे’ या क्रियापदापासून झालेली असून हिंदीतील ‘बरामदा’ त्याचाच आहे. ध्वनिसाम्य मोहक असले तरी कालक्रम या मतांच्या आड येतो. वास्को द गामाच्या 1498 मधील सफरीच्या वृत्तांतात मलबारच्या वर्णनात हा शब्द आढळतो, आणि पेद्रो द आल्काला याच्या 1505 मधील स्पॅनिश-अरबी कोशातही तो ‘व’ने लिहिलेला आहे. (स्पॅनिश उच्चारात ‘ब’ आणि ‘व’ असा भेद नाही.) नुकत्याच किनाऱ्यास लागलेल्या खलाशांनी तो येथे उचलला आणि सातच वर्षांत ग्रॅनाडाच्या कोशात तो रुळला, हे संभवत नाही. गोव्याचे कोशकार सेबास्तियाँव रुदोल्फ दाल्गादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांच्या 1913 मधील ग्रंथात याचा विचार केला आहे.

मराठीत तो थेट पोर्तुगीजांकडून आला काय? ‘शावी’ची ‘चावी’ होताना पोर्तुगीज ‘व’ मराठीत ‘व’च राहिला. ‘व्हरांडा’तील ‘व्ह’ हा ‘व्हाइसरॉय’प्रमाणे इंग्रजीची खूण होय. ‘वरांडा’ हे रूपही चालते. तथापि लेखनात ‘व्हरांडा’च अधिक स्थिरावला. गोव्याच्या घरापुढील बाकांच्या ओसरीस तर ‘बाल्कांव’ हा निराळाच पोर्तुगीज शब्द रूढ आहे.

पुढे इंग्रजीतून ‘वेरांदा’ स्पॅनिशमध्ये शिरला. आता तेथे ‘बारांदा’ कठड्यासाठी आणि ‘वेरांदा’ ओसरीसाठी, असे दोन्ही शब्द नांदतात.